चाळीस मिसळलेल्या गोळ्या

संमतिपत्रकाचं मराठी भाषांतर पुण्याहून होऊन आलं होतं, आणि माधवीचं म्हणणं असं की ते पुन्हा एकदा मराठीत भाषांतर करायला हवं होतं. बावीस पानं. 'आपणांस यादृच्छिक पद्धतीने दोहोंपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल, व तो गट कोणता हे आपणांस अथवा आपल्या चिकित्सकांस ज्ञात नसेल.' अंगात एकशे दोन ताप असलेल्या माणसासमोर हे वाचायचं! माणूस बिचारा कोर्टाचं समन्स ऐकावं तसा ऐकायचा आणि शेवटी विचारायचा, "मंग सही कुटी करू?"

दोन हजार एकवीसचा फेब्रुवारी चालला होता. बाकीचा देश मास्क हनुवटीखाली सरकवून लग्नाच्या पंगतीला बसला होता, आणि इकडे अमरावतीत करोना पुन्हा पेटला होता. पेपरवाले 'अमरावतीचा नवा प्रकार' असं लिहायला लागले होते. बाहेरगावचे नातेवाईक फोनवरसुद्धा जरा लांबूनच बोलायचे.

माधवी परतवाड्याची. बी.फार्म झाल्यावर पाच वर्षं तिने अमरावतीत एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर काढली होती, आणि आदल्या वर्षीचा तमाशा त्याच काउंटरमागून पाहिला होता. आज कोणीतरी म्हणालं मलेरियाची गोळी चालते, की दुपारपर्यंत मलेरियाची गोळी गायब. उद्या कोणी म्हणालं जंताची, की जंताची गायब. शिकलेली माणसं मोबाइल पुढे करून 'हे द्या' म्हणायची आणि ती द्यायची. त्यातली एक तरी गोळी कामाची होती का, हे कोणालाच माहीत नव्हतं. माधवीला त्याची मनापासून चीड आली होती. म्हणून शहरातल्या एका खासगी दवाखान्यात औषधाच्या चाचणीसाठी समन्वयक पाहिजे असं कळलं, तेव्हा ती धावत गेली. निदान इथे तरी कोणी विचारत होतं, की हे खरंच लागू पडतं का?

औषध जुनंच होतं, दुसऱ्याच एका आजारावर वीस वर्षं चालणारं. घरी असलेल्या करोनाच्या रोग्याने ते लवकर सुरू केलं तर त्याला ऑक्सिजनपर्यंत जावं लागत नाही का, एवढं तपासायचं होतं. सकाळी एक, संध्याकाळी एक, चौदा दिवस. अठ्ठावीस गोळ्यांची बाटली, वर नाव नाही, नुसता नंबर. निम्म्या बाटल्यांत खरी गोळी, निम्म्यांत तशीच दिसणारी, तशीच कडवट, पण नुसती, आत औषध नसलेली. कोणत्या नंबरात काय, ते मुंबईच्या एका कॉम्प्युटरला ठाऊक. माधवीच्या डोळ्यावरही पट्टी आणि चाचणी चालवणाऱ्या डॉक्टर शुभंकरच्याही. ही आंधळी कोशिंबीर मुद्दाम असते, नाहीतर माणूस आपल्याला हवं तेच पाहतो, हे माधवीला पुरतं पटलेलं होतं.

पण गावातल्या माणसाला ते पटवायचं कसं? पहिल्या दहा दिवसांत चार माणसं मिळाली. डॉक्टर शुभंकर चिडचिड करायला लागले.

मग एका दुपारी भातकुलीकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोनाले खरी द्याची आन कोनाले नुसती, हे ठरोते कोन? तू?"

"कोनीच नाही ठरवत, बाबा," माधवी म्हणाली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ईश्वरचिठ्ठी असते."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. जानेवारीतच ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या होत्या. दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठ्या टाकतात, एखादं लहान लेकरू त्यातली एक उचलतं, आणि ज्याचं नाव निघेल तो मेंबर. त्यावर भांडण नाही, अपील नाही. "असं म्हन ना मंग! इतके वाचत काय बसली?" म्हाताऱ्याने लगेच सही केली.

त्या दिवसापासून माधवीने बावीस पानं नुसती उलटायची आणि 'ईश्वरचिठ्ठी' म्हणायचं असं सुरू केलं. महिनाअखेरपर्यंत साठ माणसं झाली. डॉक्टर शुभंकरनी खुशीत विचारलं, "काय जादू केली तू?" तिने सांगितलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "छान आहे, पण कागदावर कुठे लिहू नको."

खुशालराव आणि माणिकबाई आले ते याच गर्दीत. दर्यापूरच्या अलीकडचं खारपाणपट्ट्यातलं गाव, वीस एकर काळी जमीन, विहिरीचं पाणी खारट म्हणून प्यायला कॅन. खुशालराव अठ्ठावन्न वर्षांचे, शुगर होती, पण माणूस मोठा बोलका. जानेवारीत ते स्वतःच ईश्वरचिठ्ठीवर निवडून आले होते. दोनशे बारा विरुद्ध दोनशे बारा. माधवीने तो शब्द उच्चारताच त्यांनी खुर्चीतच मांडीवर थाप मारली.

"चिठ्ठी काय? मंग पाहाच नाही. ईश्वर आपल्याच पार्टीचा हाये!" ते बायकोकडे वळले. "माही तं खरीच निघते. तुहं तू पाह्य."

"तुमचं तोंड बंद ठेवा जरासं," माणिकबाई म्हणाल्या, "खोकला येऊन राह्यला तरी चालूच."

दोघांचीही तपासणी पॉझिटिव्ह होती आणि दोघांचाही ऑक्सिजन चांगला होता. खुशालरावांना एकतीस नंबरची बाटली मिळाली, माणिकबाईंना बत्तीस. माधवीने दोघांना बजावलं, की आपापलीच घ्यायची, रोज मी फोन करीन, उरलेल्या गोळ्या फेकायच्या नाहीत, मोजून परत घेतल्या जातील.

ज्यांनी चाचणीचा आराखडा आखला त्यांच्या घरात नवरा-बायको आपापल्या ताटात आपापल्या वेळी जेवत असतील. एकाच घरात दोन बाटल्या गेल्या तर काय होईल, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आणि माधवी तर एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढणाऱ्या घरातली मुलगी; तिला तरी पडायला हवा होता की नाही? पण तिलाही पडला नाही.

चौथ्या दिवशी फोनवर माणिकबाईंचा आवाज ओढल्यासारखा होता. ताप उतरत नव्हता, जेवण जात नव्हतं. मागून खुशालरावांचा आवाज येत होता, "मले काहीच नाही, म्हना त्या पोरीले. चिठ्ठी आपलीच निघाली!" सहाव्या दिवशी माणिकबाईंना जरा बरं होतं. आठव्या दिवशी त्या उठून स्वयंपाकाला लागल्या. नवव्या दिवशी रात्रीची गोळी घेतल्यावर खुशालरावांना धाप लागली, आणि सकाळी बोटाला लावलेल्या यंत्रात अठ्ठ्याऐंशी आलं.

अमरावतीत त्या आठवड्यात बेड मिळत नव्हता. डॉक्टर शुभंकरनी चार ठिकाणी फोन केले, माधवीने सहा. शेवटी नागपूरहून आलेला खुशालरावांचा मुलगा गजेंद्र वडिलांना गाडीत घालून अकोल्याला घेऊन गेला. तिथे जागा मिळाली. छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोर पंचवीसपैकी अठरा. त्या वर्षी लोक एकमेकांना परीक्षेचे मार्क विचारावेत तसा स्कोर विचारायचे, आणि अठरा म्हटलं की समोरचा पुढे बोलत नसे. पाचव्या दिवशी खुशालराव गेले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह गजेंद्रने लांबून पाहिला. माणिकबाईंना तेवढंही मिळालं नाही.

पंधरा दिवसांनी माधवी बाटल्या परत घ्यायला गावी गेली. माणूस मेला तरी उरलेल्या गोळ्या मोजाव्या लागतात, नियमच तो. तिला त्या कामाची शरम वाटत होती, पण ती गेली.

माणिकबाईंनी तिला ओसरीत बसवलं, पाणी दिलं, आणि आतून दोन रिकाम्या बाटल्या आणि एक स्टीलचा डबा आणून पुढे ठेवला. डब्यात गोळ्या होत्या. दहा.

"ह्या डब्यात काहून टाकल्या, काकू?"

माणिकबाई खाली बसल्या. पन्नाशीची, हाडापेराने मजबूत बाई. पण बोलताना तिने पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"चौथ्या दिवशी मी लय घाबरली," त्या म्हणाल्या. "हे तं चांगले हिंडून राह्यले, आन माहा ताप काही उतरे ना. म्हटलं, याईचीच खरी. माही नुसतीच. मंग मी दोन्ही बाटल्या डब्यात उलट्या केल्या, हालोल्या, आन त्यातून दोघाईले देऊ लागली. याईले नाही सांगतलं. माह्या घरात कोनाच्या ताटात मी आजलोक दोन जातीचं वाढलं नाही, हे मनाले सांगतलं. पन ते खोटं हाये, पोरी. मले मराचं नोतं. एवढंच."

आठवडाभर माधवीने रोज दोन-तीन मरणं ऐकली होती, पण असं कोणी काही सांगितलं नव्हतं.

"आता तू सांग मले," माणिकबाई म्हणाल्या. "याईची खरी होती काय? मी त्याईच्या वाट्याची खाल्ली काय?"

"मलेच माहीत नाही, काकू. खरंच. मुंबईले कुलपात हाये ते. सगळी चाचणी संपल्यावर उघडते."

"कवा?"

"वर्ष सरता सरता."

"मंग तवा सांगजो. पन सांगजो मात्र. मी दुसऱ्या कोनाले इचारनार नाही. पोराले तं नाहीच नाही."

माधवीने शब्द दिला.

परतीच्या एसटीत तिने मनाशी गणित मांडलं. चार दिवस दोघांनी आपापल्या बाटलीतून घेतल्या, सोळा संपल्या. उरल्या चाळीस, त्या मिसळल्या. त्यातल्या दहा खुशालरावांनी घेतल्या, वीस माणिकबाईंनी, दहा शिल्लक. हे असंच्या असं लिहायला हवं होतं. नियमभंगाचा वेगळा फॉर्म असतो, त्यात 'कारण' असा रकाना असतो. कारण काय लिहायचं? सहभागी व्यक्तीला वाटलं की देवाने चिठ्ठी नवऱ्याच्या नावाची काढली? असं का वाटलं? कारण समन्वयकाने तसं सांगितलं. मंजूर केलेली बावीस पानं बाजूला ठेवून एक शब्द वापरला. मग तपासनीस येणार, साठच्या साठ सह्या तपासणार, चाचणीचं केंद्र बंद. मार्चचा शेवट होता, दवाखान्याच्या दारात रुग्णवाहिका उभ्याने वाट पाहत होत्या. कोणाला वेळ होता?

माधवीच्या लक्षात आलं, की डब्यातल्या दहा गोळ्या एकतीस नंबरच्या बाटलीत भरल्या की सगळं बरोबर जुळतं. खुशालराव: नऊ दिवस, अठरा घेतल्या, दहा शिल्लक. माणिकबाई: चौदा दिवस, अठ्ठावीस घेतल्या, शिल्लक शून्य. एक गोळी इकडची तिकडे नाही.

बडनेऱ्याच्या अलीकडे, चालत्या एसटीत, तिने त्या दहा गोळ्या बाटलीत भरल्या आणि झाकण लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माधवीने पुढे अनेकदा स्वतःला सांगितलं, की हे आपण माणिकबाईंसाठी केलं, त्या बाईच्या मागे चौकशी लागू नये म्हणून. ते काही खरं नव्हतं. ती घाबरली होती. माणिकबाईंनी निदान तसं कबूल तरी केलं होतं.

पुढे एप्रिल आला आणि कोणी कोणाला काही विचारायच्या स्थितीत राहिलं नाही. इंजेक्शनसाठी दुकानांपुढे रात्रंदिवस रांगा, ऑक्सिजनसाठी धावाधाव. चाचणी त्यातही चालू राहिली. दोन-दोन, तीन-तीन बाटल्या गेलेली घरं माधवीच्या यादीत अकरा होती. प्रत्येक घरातून ती बाटल्या आणायची, गोळ्या मोजायची, आकडा जुळला की लिहायची. 'तुम्ही आपापल्याच घेतल्या ना?' हा प्रश्न विचारायचं मात्र तिने सोडून दिलं. अचलपुरात एका घरी न विचारताच उत्तर मिळालं. बाटल्या हातात देताना त्या घरचे उत्तमराव मोठ्या अभिमानाने म्हणाले, "ताई, आमी तिघाईनं सारख्या वाटून घेतल्या बरं! एकाले खरी आन दोघाले नुसती, हा कुटचा न्याय?" माधवी हसली, "बरं" म्हणाली, आणि तिथेच बसून गोळ्या मोजल्या. तो आकडाही जुळत होता.

माणिकबाईंचा फोन दर महिन्याच्या एक तारखेला यायचा. "आला काय निकाल?" एवढंच. खुशालरावांच्या रिकाम्या झालेल्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली, तेव्हा गावातली माणसं त्यांच्याकडे आली, की तुम्हीच उभ्या राहा, बिनविरोध करतो. त्या म्हणाल्या, "आंधी निकाल येऊ द्या." लोकांना वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलं. उभं राहायच्या आधी निकाल कसा येईल?

निकाल डिसेंबरात आला. मुंबईच्या साहेबांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळ्या केंद्रांना एकदमच दाखवला. देशभरातली बाराशे माणसं, दोन गट. खरी गोळी घेणाऱ्यांत आणि नुसती घेणाऱ्यांत काहीही फरक नव्हता, ना दवाखान्यात भरती होण्यात, ना मरण्यात. औषध कुचकामी. डॉक्टर शुभंकरनी खांदे उडवले. "चला, हेही एक उत्तरच आहे." मग नंबरांची यादी आली. माधवीने बोट ठेवून शोधलं. एकतीस: औषध. बत्तीस: नुसती गोळी.

माणिकबाईंची भीती खरी निघाली होती, आणि तरी पुढच्याच क्षणी तिला हायसं वाटलं. इतकं हायसं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं. माणिकबाईंनी नवऱ्याच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, हे खरं. पण त्या गोळ्यांत काही दमच नव्हता! खाल्ल्या काय आणि न खाल्ल्या काय. निरोप सांगण्यासारखा होता. दुसऱ्याच दिवशी तिने दर्यापूरची एसटी पकडली.

कापसाची दुसरी वेचणी चालू होती. माणिकबाई तिला पाहून वावरातून घरी आल्या, हातपाय धुतले, आणि ओसरीत येऊन समोर बसल्या. चहा नाही, पाणी नाही. "सांग," म्हणाल्या.

"काकांची खरी होती, काकू. तुमची नुसती."

माणिकबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पन ऐका आंधी," माधवी घाईघाईने म्हणाली, "ते औषधच बेकार निघालं. त्यानं कोनीच वाचलं नाही. काकांनी सगळ्या खाल्ल्या असत्या तरी तेच झालं असतं. तुमच्यामुळं काहीच नाही झालं."

माणिकबाईंनी डोळे उघडले. "बेकार हाये हे समजलं कसं?"

माधवीने सोपं करून सांगितलं. खरी खाणारे एका बाजूला काढले, नुसती खाणारे दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे किती मेले ते मोजलं. सारखेच निघाले.

"याईले कोन्या बाजूले धरलं?"

"खरीच्या."

"आन मले?"

माधवीला तेव्हा कळलं, की ही बाई कुठे चालली आहे. "नुसतीच्या," ती म्हणाली.

"मंग मी तं खरी खाल्ली ना," माणिकबाई सावकाश म्हणाल्या. शाळेत पाढा चुकलेल्या पोराला समजवावं तशा. "चाळीसातल्या वीस मी खाल्ल्या. त्यात दहा तरी खऱ्या असतीन. याईच्या पोटात गेल्या त्यातल्या पाचेक. आन तुमच्या कागदात हाये, का खरी खाऊन हे मेले, आन नुसती खाऊन मी वाचली. त्याच्यावरून तुमी म्हनता औषध बेकार. तू सांगतलं नाही काय त्याईले, का मी मिसळल्या म्हनून?"

"नाही," माधवी म्हणाली.

"काहून?"

"भ्याली मी."

माणिकबाईंनी मान हलवली. त्यांना ते समजलं. समजलं म्हणून माफ केलं, असं मात्र त्यांच्या चेहऱ्यावर कुठे नव्हतं.

"बाराशे मानसं होती, काकू," माधवी म्हणाली. "दोघांनी काही फरक नाही पडत."

"दोघंच होतो काय आमी?"

इथे 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. ते म्हटलं असतं तर माणिकबाईंच्या डोक्यावरचा धोंडा उतरला असता आणि माधवी चारच्या एसटीने अमरावतीला परतली असती. तिने तोंडही उघडलं. पण समोरची बाई तिच्याकडे इतक्या सरळ नजरेने पाहत होती की ते अक्षर येईना. अचलपूरचं घर तिला माहीत होतं. उरलेल्या नऊ घरांना तिने विचारलंच नव्हतं. आणि बाकीच्या गावांतल्या केंद्रांवर तिच्यासारख्याच कोणी काय शब्द वापरले, आकडे कसे जुळवले, हे कोणाला ठाऊक?

"नाही," ती म्हणाली. "अजून होते. किती, ते नाही माहीत. मी इचारलंच नाही कोनाले."

माणिकबाई उठून आत गेल्या. माधवीला वाटलं, आता आपल्याला निघायला सांगणार. पण त्या नातवाची वही आणि पेन घेऊन आल्या आणि ते तिच्यापुढे ठेवलं.

"लिह्य."

"काकू, निकाल लागून गेला आता. माही नोकरी जाइन."

"माहा मानूस गेला," माणिकबाई म्हणाल्या. "लिह्य. ते चुकीच्या बाजूले पडून हायेत. त्याईले तिथून उचल. मले बी."

माधवीने लिहिलं. तारीख, दोन्ही नंबर, चौथा दिवस, चाळीस गोळ्या मिसळल्या, दहा उरल्या, त्या मी एकतीस नंबरच्या बाटलीत भरल्या. ईश्वरचिठ्ठी हा शब्द मी वापरला होता, तेही लिहिलं. अक्षर वाचता येण्यासारखं होतं. माणिकबाईंनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली, आणि खाली आपलं नाव पूर्ण लिहिलं, काना-मात्रा न चुकवता. मग वही मिटली नाही, तशीच मांडीवर धरून ठेवली.

"हे मुंबईले गेलं का मंग त्याईले समजन काय? औषध कामाचं होतं का नोतं?"

"आता नाही समजत, काकू. ज्याईनं मिसळल्या, त्याईनं कोन्या किती खाल्ल्या, हे आता कोनालेच सांगता नाही येत. पुन्हा पहिल्यापासून करा लागन. आन ते कोनी करनार नाही."

"म्हनजे मी त्याईच्या वाट्याचा जीव खाल्ला का नाही खाल्ला..."

"माहीत नाही," माधवी म्हणाली. "आन होनारबी नाही."

बाहेर वेचणीच्या बाया जेवायला बसल्या होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. माणिकबाई मांडीवरच्या वहीकडे पाहत राहिल्या.

"एवढंच होतं तं मार्चातच सांगून देतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी तुह्या शब्दावर नऊ महिने काढले, पोरी. पोराच्या समोर, पाहुन्याईच्या समोर, याईच्या तेराव्याले, एक आसू नाही काढला. लोकं म्हने, बाई दगड हाये. म्हटलं, निकाल येऊ दे. मीच मारलं असन तं कोन्या तोंडानं रडू? आन नसन मारलं तं मंग पोटभर रडीन. ठेवून देल्लं होतं मी रडनं." त्यांनी मान वर केली. "आता काय करू त्याचं?"

माणिकबाई माधवीच्या उत्तराची खरोखरच वाट पाहत होत्या.